चूक सुधारायची नाही, खोटंही बोलायचं नाही

"आई वाट बघत असेल, मला घरी जाऊ दे." ऐंशी ओलांडलेल्या आजी असं म्हणाल्या की ऐकणाऱ्याच्या तोंडून दोनपैकी एक उत्तर निघतं. "अहो, तुमची आई जाऊन किती वर्षं झाली!" किंवा "हो हो, जेवण झालं की जाऊ हं." पहिलं उत्तर खरं आहे, दुसरं मायेपोटी सांगितलेलं खोटं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसांशी रोज बोलणाऱ्या आम्हा शुभंकरांनी, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांनी, ही दोन्ही उत्तरं पुष्कळ वेळा दिली आहेत आणि दोन्ही फसताना पाहिली आहेत. पहिल्या उत्तरानं आजींना आई गेल्याची बातमी आज नव्यानं कळते. दुसऱ्यानं थोडी शांतता मिळते, पण जेवण उरकल्यावर त्या पुन्हा दाराशी येतात. आपण काय कबूल केलं होतं ते त्यांना आठवत नसतं, मात्र हे लोक मला फसवतात एवढी भावना मागे राहते.

ही भावना खरोखरच मागे राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) झालेल्या लोकांना सुमारे वीस मिनिटं दुःखी चित्रफिती दाखवल्या, वेगळ्या वेळी आनंदी दाखवल्या. थोड्याच वेळानं विचारलं तर काय पाहिलं हे त्यांना फारसं सांगता येईना, पण मनावर आलेली उदासी किंवा आनंद टिकून होता. ज्यांना कमी आठवत होतं त्यांची उदासी उलट जास्त वेळ टिकली. नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये लवकर झिजतो. वारंवार उजळणी झालेल्या जुन्या आठवणी त्याच्यावर तितक्या अवलंबून नसतात. म्हणून सकाळचं जेवण पुसलं जातं आणि शाळेची वाट शाबूत राहते.

भांबावलेल्या माणसाला सतत वर्तमानाची आठवण करून द्यायची, ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स फोल्सम यांनी कॅन्सासमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुरू केली. फळ्यावर वार, तारीख, ऋतू लिहायचा आणि दिवसभर बोलण्यात तेच गुंफायचं. आजाराच्या सुरुवातीला, माणूस स्वतःहून "आज काय वार?" असं विचारतो तेव्हा, हे उपयोगी पडतं. पुढच्या टप्प्यात मात्र तीच रोजची परीक्षा होते आणि तो रोज नापास होतो. नेओमी फाइल यांचं बालपण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका वृद्धाश्रमात गेलं, कारण आईवडील तिथेच काम करत. १९६३ पासून त्यांनी अतिवृद्ध, भांबावलेल्या लोकांसोबत काम सुरू केलं, वर्तमानात खेचून आणण्याचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि वेगळी रीत बसवली. तिला त्यांनी 'व्हॅलिडेशन' म्हटलं. आम्ही मराठीत 'दखल घेणं' म्हणतो. ती सगळ्यांसाठी नाही. कमी वयात अल्झायमर सुरू झालेल्यांसाठी किंवा आधीपासून मोठा मानसिक आजार असलेल्यांसाठी ती बांधलेलीच नव्हती. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००३ च्या समीक्षेनं तिच्या परिणामाबद्दल ठाम निष्कर्ष काढायला पुरावा अपुरा असल्याचं नोंदवलं. म्हणून आम्ही तिच्याकडे औषध म्हणून बघत नाही, बोलण्याची शिस्त म्हणून बघतो.

बोलण्याआधी शरीर तपासायचं. इथे घाई केली की पुढची सगळी कौशल्यं वाया जातात. भ्रम महिनोनमहिने हळूहळू वाढत आला असेल तर तो बहुधा डिमेन्शियाचा. तोच काही तासांत किंवा एकदोन दिवसांत अचानक वाढला, माणूस एकदम सुस्त झाला किंवा नसलेल्या गोष्टी पाहू लागला, तर तो डिलिरियम असू शकतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, नव्यानं सुरू झालेली गोळी, यातलं काहीही त्यामागे असतं. अशा वेळी संवादाचे प्रयोग करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

मग कान आणि डोळे. श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असणं आणि कानात मळ साचलेला असणं ही दोन कारणं इतक्या वेळा सापडतात की "ऐकतच नाहीत" अशी तक्रार आली की आधी तेच बघावं. चष्मा त्यांचाच आहे ना, पुसलेला आहे ना, हेही. दुखतंय का, हे विचारून कळत नसेल तर पाच गोष्टी पाहतात: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, शरीराची ठेवण, आणि समजावल्यावर माणूस शांत होतो की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. पेनॅड नावाच्या या मोजपट्टीवर आकडा चढत गेला तर चिडचिडीमागे वेदना आहे असं समजून डॉक्टरांशी बोलायचं.

आता स्वतःचं शरीर. खोलीबाहेर थांबून कमरेखाली दोनेक इंचांवर लक्ष ठेवायचं, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा, असं आठ वेळा. एका मिनिटाचं काम आहे. शब्दांचा अर्थ निसटू लागलेला माणूस समोरच्याचे खांदे, जबडा, आवाजातली घाई फार बारकाईनं वाचतो. तोंडानं "काही घाई नाही हं" म्हणताना नजर घड्याळाकडे गेली, तर त्याला घड्याळ कळतं.

जवळ जायचं ते समोरून. डिमेन्शियात मेंदूला बाजूचं दृश्य टिपणं अवघड होत जातं, त्यामुळे बाजूनं किंवा मागून आलेला हात हल्ल्यासारखा वाटतो. टीपा स्नो या अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ शिकवतात तो क्रम आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. साधारण सहा फुटांवर थांबायचं, हात चेहऱ्याजवळ नेऊन हलवायचा, नाव घ्यायचं. त्यांची नजर वळली की सावकाश पुढे जायचं, थोडं बाजूला सरायचं आणि खाली बसायचं, म्हणजे आपले डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येतात. समोर ठाण मांडून उभं राहिलं की वाट अडवल्यासारखं होतं. नजर वळलीच नाही तर पुढे जायचं नाही, पुन्हा हाक मारायची. कोणत्या हाकेला माणूस वळतो हे शोधावं लागतं. काहींना आडनावासकट हाक लागते, काही फक्त लहानपणच्या नावाला ओ देतात. टीव्ही बंद करायचा, आणि एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांनी दोन बाजूंनी समजावायला सुरुवात केली की माणूस दोघांवरही चिडतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा. वयानुसार आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. आपण मोठ्यानं बोलायला गेलो की पट्टीही नकळत वर जाते, म्हणजे ऐकू कमी येतं आणि ओरडल्यासारखं मात्र वाटतं. लाडे लाडे बोलणं तर टाळायलाच हवं. "शहाणी ना तू, आता आपण अंघोळ करायची हं", असं बोललं की अंग आखडतं, हात झिडकारला जातो. कॅन्सासमधल्याच एका अभ्यासात २००९ साली दिसलं, की साध्या प्रौढ बोलण्याच्या तुलनेत अशा बोबड्या बोलण्यानंतर काळजीच्या कामांना विरोध होण्याची शक्यता सुमारे दुपटीनं वाढते. ज्यांना आयुष्यभर 'तुम्ही' म्हटलं त्यांना आजारपणात 'तू' म्हणू नये. आईला 'तू' म्हणत आलेल्या मुलीनंही अचानक 'तुम्ही' सुरू करू नये, परकं वाटतं.

एका वाक्यात एकच गोष्ट. "उठा, चपला घाला आणि बाहेर बसू" हे तीन वाक्यांचं काम आहे. "उठा" म्हटल्यावर मनात दहा अंक मोजायचे. ही दहा सेकंदं नवख्या माणसाला फार लांब वाटतात आणि तो पाचव्या सेकंदाला तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. मेंदू पहिलं वाक्य उलगडत असतानाच दुसरं येऊन पडतं आणि पहिल्यापासून सगळं विस्कटतं. पुन्हा सांगायचंच असेल तर अगदी त्याच शब्दांत सांगायचं. मराठीत नकार क्रियापदानंतर येतो, हेही ध्यानात ठेवायचं. "उठू नका" यात आधी 'उठू' कानावर पडतं, 'नका' पोचेपर्यंत माणूस अर्धा उठलेला असतो. त्याऐवजी "बसा." निवड द्यायची तर दोनच वस्तूंची, आणि दोन्ही हातात धरून दाखवायच्या. "मला ओळखलंत का?", "आठवतं ना?" हे प्रश्न पाहुण्यांना दारातच सांगून बंद करावेत. आपलं नाव आणि नातं सहज बोलण्यात सांगून टाकायचं.

आता पुन्हा आजींच्या आईकडे. त्यांचेच शब्द परत द्यायचे आणि प्रश्न विचारायचे ते कोण, काय, कुठे, केव्हा, कसं यांचे. 'का' विचारायचा नाही. 'का'ला कारणमीमांसा लागते, ती क्षमताच आजारानं घेतलेली असते, मग माणूस रागावतो किंवा गप्प होतो.

"आई वाट बघत असेल."
"वाट बघत असेल, म्हणता. कुठे?"
"दारात. अंधार पडायच्या आत यायचं, असं बजावलंय."
"आणि उशीर झाला तर?"
"बोलत नाही माझ्याशी. मला नाही सहन होत ते."
"सगळ्यात जास्त तेच लागतं मनाला."
"हो ना. एकटं एकटं वाटतं."

इथे काय हवं होतं ते हाती आलं. घराचा पत्ता नको होता, आजींना एकटं वाटत होतं. शेवटून दुसऱ्या वाक्यातलं 'सगळ्यात जास्त' मुद्दाम घातलेलं असतं. भावनेचं टोक विचारलं की ती बाहेर पडते, आणि कोणीतरी ऐकून घेतलं की ओसरते. कधी उलट बाजूनं विचारतात: "असं अजिबात वाटत नाही, अशी वेळ कुठली?" त्याच्या उत्तरातून उपाय सापडतो. कोणाला स्वयंपाकघरात कोणी काम करत असलं की बरं वाटतं, कोणाला उजेड हवा असतो.

मराठीत बोलताना इथे एक पेच पडतो तो क्रियापदाच्या काळाचा. "आई कशी होती?" यातल्या 'होती'नं दुरुस्ती झाली, "आई कशी आहे?" यातल्या 'आहे'नं खोटं झालं. सुदैवानं आपली भाषा क्रियापद गाळू देते. "आई कशी? कडक की मायाळू?" "तिच्या हातचं काम कसं?" वर्तमान आणि भूतकाळ यांमधली ही अरुंद जागा आम्हाला फार मोलाची वाटते. तिथे उभं राहून माणूस हवं तिकडे जाऊ शकतो. पुष्कळदा आजीच म्हणतात, "आता कुठली आई, गेली ती." मग त्या वाक्यासोबत थांबायचं, लगेच सांत्वन सुरू करायचं नाही. कोणी डोळ्यांत डोळे घालून सरळ विचारलं, "खरं सांग, माझी आई जिवंत आहे का?", तर आमच्या मते एकदा, हळू आवाजात खरं सांगावं आणि उठून जाऊ नये. त्या क्षणी त्यांना ते निम्मं ठाऊक असतं. उत्तर टाळलं तर तेही कळतं.

आरोप करणाऱ्या माणसाची रीत निराळी. "माझी अंगठी चोरली तुम्ही." अशी माणसं बहुधा आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात असतात. वार, जागा बऱ्यापैकी कळत असतात, हातून काहीतरी निसटतंय हेही जाणवत असतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा चोर शोधणं सोपं जातं. त्यांच्यापुढे भावनेचं नाव घेतलं, "तुम्हाला असुरक्षित वाटतंय का?" म्हटलं, की ती साफ नाकारतात. स्पर्शही बहुधा नको असतो, हातभर अंतर बरं. इथे फक्त वस्तुस्थितीचे प्रश्न: "कोणती अंगठी? कशी दिसते? केव्हापासून सापडत नाही? रात्री जास्त होतं का असं?" "मी नाही घेतली" हे वाक्य गिळायला सर्वांत अवघड, विशेषतः सख्ख्या मुलाला किंवा सुनेला. गिळावं. मग सोबतीनं शोधायचं, आणि सापडण्याचा मान त्यांना द्यायचा: वस्तू दिसली तरी आपण उचलायची नाही, "या कप्प्यात पाहिलं का?" एवढंच. लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. उशीचा अभ्रा, चपलेचं टोक, कपड्यांची घडी. त्या जागा एका वहीत लिहून ठेवल्या तर पुढचा शोध पाच मिनिटांत संपतो.

पुढे शब्दच मोडू लागतात. घडलेले नवे शब्द येतात, एका वस्तूचं नाव दुसरीला लागतं, आणि ज्यांना दोन भाषा येत होत्या त्यांची नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी विरते. "ती सारखी टिमकते, काय करू?" असं कोणी म्हटलं तर 'टिमकणं' म्हणजे काय ते विचारायचं नाही. सर्वनामाला धरायचं: "ती टिमकते? खूप वेळ? तुम्हाला त्रास होतो?" त्यांनी 'ती' म्हटलं तर आपणही 'ती'च म्हणायचं, 'तो' किंवा 'ते' केलं की धागा तुटतो. अर्थ कळला नाही तरी संभाषण चालू राहतं आणि चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. या टप्प्यात स्पर्श चालतो. हात धरायचा तर वरून पकडायचा नाही, आपला तळवा खाली देऊन त्यांचा हात वर विसावू द्यायचा. घट्ट धरलेला हात झटकला जातो, खाली दिलेला हात त्यांना हवा तेव्हा सोडता येतो.

अंघोळीसारख्या कामात हीच पकड उपयोगी पडते. पाणी आधी त्यांच्या तळव्यावर, मग पायांवर, डोक्यावर सर्वांत शेवटी. अंगावर एक टॉवेल राहू द्यायचा आणि तो उचलून उचलून धुवायचं, कारण विरोध होतो तो बहुतेकदा थंडीला आणि उघडं पडण्याला. दोनदा "नको" आलं की थांबायचं, पंधरावीस मिनिटांनी नव्यानं, शक्य असेल तर दुसऱ्या माणसानं विचारायचं. तिसऱ्यांदा आग्रह केला की उद्याची अंघोळही बिघडते.

मग हालचालीच उरतात. टेबलावर तळहात फिरवणं, कापडाच्या घड्या घालणं, बोटांनी ताल धरणं. त्यांना निरर्थक समजून हात धरून थांबवणं ही सर्रास होणारी चूक. हात फिरवणारे आजोबा लाकूडकाम करत होते का, हे घरच्यांना विचारून घ्यावं. समोर बसून त्याच वेगानं, त्याच लयीत आपला हात फिरवायचा, श्वासही जुळवायचा. नक्कल आणि साथ यांतला फरक चेहऱ्यावरून कळतो: नक्कल करणाऱ्याचं लक्ष हातांकडे असतं, साथ देणाऱ्याचं डोळ्यांकडे. एकदोन मिनिटांत नजर वर आली तर एकच शब्द बोलायचा, "गुळगुळीत?" किंवा "दमलात?" वाक्य बोलू न शकणारी कितीतरी माणसं लहानपणापासून पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतात. आपण पहिली ओळ सावकाश सुरू करायची आणि मधेच थांबून जागा द्यायची.

बिघडतं कुठे? प्रश्नांची सरबत्ती झाली की दखल घेण्याची उलटतपासणी होते. दोन प्रश्नांनंतर एक साधं वाक्य किंवा शांतता हवी. भावना पुरती बाहेर येण्याआधीच "चला, फुलं बघायला जाऊ" असं लक्ष वळवलं की दहा मिनिटांनी तेच रडणं जास्त जोरात परत येतं. आणि घरात एक जण दखल घेतो, दुसरा दुरुस्त करतो, तिसरा खोटं सांगतो, असं चाललं तर कोणाचंच चालत नाही. म्हणून वही लागतेच. तारीख, वेळ, काय म्हणाले, कोणत्या शब्दानं शांत झाले, कशानं चिडले, एवढंच, चार ओळी. दोन आठवड्यांत वेळांचा नमुना दिसू लागतो. संध्याकाळी साडेपाचला सुरू होणारी घालमेल असेल तर पाचलाच दिवे लावायचे, पाणी द्यायचं आणि शेजारी जाऊन बसायचं. ज्या दिवशी शुभंकर स्वतःच थकलेला असतो त्या दिवशी ही रीत जमत नाही. तेव्हा शब्द बाजूला ठेवून नुसतं जवळ बसावं, किंवा दुसऱ्याला बोलवावं.

शेवटच्या टप्प्यात डोळे बहुतेक मिटलेले असतात. दिवसातून दोनतीन वेळा, दर वेळी एक ते दहा मिनिटं, बेडजवळ खाली बसून नाव घ्यायचं, गालावर तळवा हलक्या वर्तुळात फिरवायचा, एखादी ओळ गुणगुणायची. प्रतिसाद म्हणून पापणी हलते, ओठ मिटतात, पायाचं बोट वाकतं, श्वासाची लय बदलते. घरच्यांना हे दाखवून द्यावं लागतं, एरवी ते निसटतं. मान वळवली किंवा कपाळावर आठी आली तर तोही प्रतिसादच, लगेच हात काढायचा.

निघताना गुपचूप सटकायचं नाही. निघायच्या मिनिटभर आधी सांगायचं, "मी आता निघते." "पुन्हा केव्हा?" असं विचारलं तर तास सांगून उपयोग नसतो, दिवसातली खूण सांगायची: "उजाडल्यावर." आणि दारातून हात हलवताना पुन्हा एकदा नाव घ्यायचं, आलो होतो तेव्हा घेतलं होतं तसंच.